कमलमावशीने पट्टा उघडला नव्हता

१. मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात आम्ही बोरगाव मेघेच्या दहा जणी सेवाग्रामहून हिमाचलला निघालो.
२. पाचव्या दिवशी सकाळी आम्ही नदीवरच्या झिपलाइनवर गेलो.
३. कमरेचे आणि मांड्यांचे पट्टे तिथल्या माणसाने चढवले.
४. चढवण्यापूर्वी ते मी पाहिले.
५. आमच्यातली कमलमावशी पलीकडच्या फलाटापासून पंधरा-वीस फुटांवर असताना तिच्या डाव्या मांडीचा पट्टा सुटला. ती एका अंगाला कलली आणि फलाटाच्या लाकडी खांबावर डाव्या खुब्याने आदळली.
६. खुब्याचं हाड मोडलं. शस्त्रक्रिया झाली. आता ती वॉकर धरून चालते.
७. झिपलाइन चालवणाऱ्याने लेखी उत्तर दिलं आहे: महिलेने घाबरून पट्टा स्वतःच उघडला.

आता क्रमाने लिहिते. ज्यांना तिकडे जायचं आहे त्यांच्या उपयोगाचं बरंच आहे, ते गाळणार नाही. गावाचं नाव मात्र देत नाही. तिथे हाच धंदा नीट करणारे इतरही लोक आहेत.

आमच्या विहारातल्या महिला दरवर्षी एकत्र प्रवासाला जातात. जागा ठरवायची बैठक थंडीतच होते. या वेळी कमलमावशीने विषय काढला. ती माझ्या आईची मैत्रीण, अंगणवाडी सेविका, वय छप्पन्न. म्हणाली, "बोधगया दोनदा झाली. दीक्षाभूमी तं दरसालची हाये. आता एक बार नुसतंच फिराले जाऊ. थंड्या जागी. काई मागाचं नाई, काई वाहाचं नाई."

"अन् तिकडं कराचं काय?" पुष्पाकाकूंनी विचारलं. काकू मूळच्या तळेगावच्या. त्यांच्या तोंडापुढे कोणी टिकत नाही.

"हिंडाचं. खेळाचं."

"या वयात?"

"मंग कोन्या वयात वं? लहानपणी वावरात निंदाले जात होतो."

ठरलं. इंटरनेटवरून बुकिंग करता येतं म्हणून मला सोबत घेतलं. मी पंचवीस वर्षांची आहे, मेकॅनिकलचा डिप्लोमा झाला आहे. एका कारखान्यात वजन उचलायचं सामान तपासते: क्रेनचे पट्टे, साखळ्या, पोलादी दोर. माझी सही झाल्याशिवाय तिथला पट्टा वापरात येत नाही.

दिल्लीची तिकिटं दोन महिने आधी काढा, मेमध्ये नंतर मिळत नाहीत. आम्ही निघालो तेव्हा वर्ध्यात पारा पंचेचाळीसवर होता. सेवाग्राम स्टेशनच्या बाकाला हात लागला की चटका बसत होता. सोडायला मावशीचा मुलगा सिद्धार्थ आला होता. त्याचं जामच्या चौकात टायरचं दुकान आहे.

"माय, तू जिन्याची पायरी उतराले घाबरतं. तिकडं पहाडात काय करशीन?"

"पाहजो," मावशी म्हणाली. "व्हिडिओच आणतो तुयासाठी."

गाडीत तिखट पुऱ्या, शेंगदाण्याची चटणी, ठेचा आणि वर्ध्याच्या गोरसपाक बिस्किटांचे आठ पुडे होते. दुसऱ्या दिवशी दुपारी दिल्ली, संध्याकाळी डोंगराची बस. तेरा तास लागतात. ज्यांना मळमळतं त्यांनी मागच्या चार रांगा टाळाव्यात आणि गोळी बस सुटण्याच्या अर्धा तास आधी घ्यावी. पहाटे खिडकी उघडली तर थंड हवेत लाकडाचा वास होता. समोर देवदार, त्यांच्यामागे बर्फाचे कडे. मावशीने शाल डोक्यावरून घेतली आणि कडे वळणाआड जाईपर्यंत पाहत राहिली. मग म्हणाली, "असं बी राह्यते."

तिसरा दिवस विश्रांतीचा ठेवा. उंचीवर पहिल्या दिवशी धाप लागते. हॉटेलवाल्याला राजमा-भातात तिखट वाढवायला सांगावं लागतं, आणि त्याला आपलं तिखट कळत नाही. ठेचा बरोबर असू द्या.

चौथ्या दिवशी वरच्या कुरणावर गेलो. तासभर देवदारातून चढण आहे, घोडे मिळतात. बर्फासाठी लांब कोट आणि गमबूट भाड्याने मिळतात. बूट आतून कोरडे आहेत का ते हात घालून पाहा. कुरणावर मोठ्या प्लॅस्टिकच्या गोळ्यात माणसाला बसवून उतारावरून लोळवतात. पुष्पाकाकूंना तिथल्या माणसाने आग्रह केला. काकू म्हणाल्या, "मी काय आलूबोंडा आहो का लोळाले?" त्याला काही कळलं नाही, पण आम्ही हसतोय म्हणून तोही हसला.

घोड्यांच्या बाबतीत मी आडवी आले होते. दोन घोड्यांच्या खोगिराचा पट्टा पोटाखाली निम्मा कापला गेला होता. मी आई आणि काकूंना बसू दिलं नाही. दुसरे घोडे नव्हते, त्यामुळे दोघींना पायी चढावं लागलं. काकू वर पोचेपर्यंत तीन वेळा बसल्या.

"आपून फिराले आलो का तपासणीले आलो?" त्या म्हणाल्या. "हिच्यासंगं जेवाले बसलं तं भातातले खडे मोजीन हे पोट्टी."

सगळ्या हसल्या. आईही हसली. उद्यापासून तोंड बंद ठेवायचं, असं मी ठरवलं.

पाचव्या दिवशी झिपलाइन. नदीच्या एका काठावरून दुसऱ्या काठापर्यंत पोलादी दोर ताणलेला असतो. कप्पीला लटकून पलीकडे घसरत जायचं. तिकीट माणशी सातशे. पिवळ्या छपराच्या टपरीत तिकीटघर, बाजूला खिळ्यांवर पट्टे. ते मी मोजले. अकरा. मोजायची सवय आहे.

रांगेत आमच्या पुढे एक मराठी कुटुंब होतं. गृहस्थ चाळिशीचे, करड्या जॅकेटमधले, अकोल्याकडचे. त्यांच्या मुलीच्या टोपीला दोन पिवळे गोंडे होते. एका मराठी ब्लॉगवर या जागेबद्दल वाचून ते आले होते. ते सगळ्याचाच व्हिडिओ काढत होते: रांग, नदी, पट्टे बांधून घेणाऱ्या आमच्या बायका. मावशी त्यांना म्हणाली, "दादा, तुमी पयले जाऊन राह्यले ना? तं तिकडून माया व्हिडिओ काढजा. पोराले दाखवाचा हाये."

"काढतो ना मावशी. पण हसत या, डोळे मिटून नका येऊ."

"डोळे काऊन मिटीन? सातशे रुपये देल्ले."

आमच्यातल्या चौघीच जाणार होत्या. साडीवर पट्टे कसे बसतील अशी शंका निघाली, म्हणून चौघींनी आदल्या दिवशीच बाजारातून पायजमे घेतले होते. हे लिहिते कारण नंतर बोरगावात लोक म्हणाले, लुगडं नेसून झोके घेतल्यावर दुसरं काय होणार. मावशीच्या अंगावर साडी नव्हती.

आता यादीतला चौथा मुद्दा. तो खरा आहे, पण अपुरा आहे.

पट्टे चढवणारा माणूस माझ्या वडिलांच्या वयाचा, शांत होता. त्याने मावशीसमोर पट्टा धरला तेव्हा काकू म्हणाल्या, "थांबा जी. आमच्या इंजिनिअरबाईले पाहू द्या पयले." सूर चेष्टेचा होता. आईचा नव्हता. आई म्हणाली, "पाहून घे वं. तुयं कामच हाये."

मी तीन पावलांवर उभी होते. अकोल्याचे दादा अजून याच काठावर पाळीची वाट पाहत व्हिडिओ काढत होते. मांडीच्या पट्ट्यावर हिरवी चिकटपट्टी गुंडाळलेली दिसली. आमच्या कारखान्यात दर तिमाहीला तपासलेल्या पट्ट्यांवर नव्या रंगाची चिकटपट्टी लावतात. एप्रिल ते जून हिरवी. मी म्हणाले, "हिरवी पट्टी आहे. घाला."

मी जवळ गेले नाही. हात लावला नाही. ते आमचं गोदाम नव्हतं, आणि तिथे आमचे रंग चालण्याचं काही कारण नव्हतं, हे तेव्हा डोक्यात आलं नाही. आणखी एक गोष्ट. आम्ही चिकटपट्टी शिलाईवर कधीच लावत नाही, कारण तिच्याखाली उसवलेले टाके लपतात. शिलाईवर असं काही गुंडाळलेला पट्टा सापडला तर मी तो जागच्या जागी कापून टाकते. इथली पट्टी बरोबर शिलाईवर होती. तीन पावलांवरूनही ते दिसत होतं. मी रंग पाहिला.

मावशी निघाली तेव्हा ओरडली. चालवणाऱ्याच्या उत्तरात "महिला भीतीने किंचाळत होती" असं आहे. ती "माय वं! माय वं!" म्हणत होती, आणि मधेच हसत होती. दोन्ही हात डोक्यावरच्या दोरीला होते. मी या काठावरून पाहत होते. ती कललेली दिसली, आणि लाकडाचा आवाज आला.

पुलावरून पलीकडे पोचायला मला सहा मिनिटं लागली. मावशी फळ्यांवर पडली होती. बकल बंद होतं. पट्टा शिलाईतून निघाला होता आणि टोकाला हिरवी पट्टी लोंबत होती. मी फोटो काढला नाही. तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं. अकोल्याचे दादा आणि तिथल्या चौघांनी तिला रस्त्यापर्यंत उचलून आणलं. त्यांचा नंबर घ्यायचं कोणालाच सुचलं नाही. तिथून रुग्णालय पावणेदोन तासांवर. संध्याकाळी मी झिपलाइनवर परत गेले. खिळ्यांवर दहा पट्टे होते, सगळे अखंड.

शस्त्रक्रिया तिसऱ्या दिवशी झाली. इतर जणी ठरल्या दिवशी परतल्या. आई आणि मी थांबलो. तुम्ही जाल तेव्हा गटातल्या प्रत्येकीच्या औषधांची यादी आणि घरच्या दोन माणसांचे नंबर एका कागदावर लिहून तो दोघींकडे ठेवा. आमच्याकडे तो होता, आणि त्या दिवशी तेवढंच नीट झालं.

जूनच्या पहिल्या आठवड्यात घरी पोचलो. भेटायला येणाऱ्या बायका "जय भीम" म्हणत, वॉकरकडे पाहत आणि ठरलेलं वाक्य बोलत: "बोधगयेले गेल्या असत्या तं असं झालं असतं का?" विहारातल्या महिलांनी पुढच्या वर्षीसाठी बोधगयाच ठरवली आहे. ठरवताना मावशीला विचारलं नाही. अंगणवाडीचं कामही तिने सोडायचं ठरवलं आहे. मुलांसोबत खाली बसता येत नाही.

आम्ही तिकडच्या पर्यटन कार्यालयात तक्रार दिली होती. तिच्यावर चालवणाऱ्याचं उत्तर आलं ते सिद्धार्थने मावशीला वाचून दाखवलं. मी तिथेच बसले होते. तो रागाने बोलला नाही, हे आणखी वाईट होतं. म्हणाला, "घाबरली असशीन माय. होते असं."

मावशी म्हणाली, "असंन बापा. मले काई आठवत नाई."

मी तेव्हाही काही बोलले नाही. घरी आल्यावर आईला माझ्या "हिरवी पट्टी आहे, घाला" या चार शब्दांची आठवण करून दिली. तिला ते आठवतच होते. म्हणाली, "लिहू बिहू नको कुठी. तुई नोकरी जाईन." जाऊ शकते. तपासनिसाने न तपासता "घाला" म्हटलं, एवढं पुरेसं असतं.

परवा दुपारी मी हे सगळं मावशीला वाचून दाखवलं. ती पलंगावर पाय लांब करून बसली होती, कूलर चालू होता. शेवटपर्यंत तिने ऐकलं.

"मंग मी नाई उघडला?"

"नाही. बकल बंद होतं. मी पाहिलं."

"तुले कधीपासून मालूम हाये?"

"त्याच दिवसापासून."

तिने दोन्ही तळवे मांडीवर ठेवले आणि त्यांच्याकडे पाहत म्हणाली, "उत्तर आलं तवापासून मी माये हातच पाहून राह्यली. कोन्या हातानं उघडला असंन म्हणून."

थोड्या वेळाने तिने पाणी मागितलं. ग्लास परत देताना म्हणाली, "सिद्धार्थले तू सांग. मी नाई सांगत." मी त्याच संध्याकाळी जामला गेले आणि दुकानात उभ्या उभ्या सांगितलं. त्याने हवेचा पंप बंद केला, ऐकलं, आणि पुन्हा चालू केला. माझ्याशी तो अजून बोललेला नाही. मावशीशी बोलला, असं आईकडून कळलं.

या प्रवासातून काय उरलं ते मला नीट मांडता येत नाही. देवदारांचा वास आठवतो. मावशीचं "असं बी राह्यते" आठवतं. तिकडे जाऊ नका, असं मी म्हणणार नाही. पट्टा हातात घ्या, शिलाई बोटाने चाचपा, तिच्यावर काही गुंडाळलेलं असेल तर घालू नका. रांगेतले लोक चिडतील. चिडू द्या.

माझा एकटीचा शब्द पुरत नाही, मी मावशीच्या सोबतची आहे. म्हणून हे अकोल्याकडच्या त्या दादांसाठी. तुम्ही मराठी ब्लॉग वाचून तिथे आला होतात, म्हणून इथे लिहिते. तुमच्या फोनमध्ये दोन व्हिडिओ असावेत: एक पलीकडच्या काठावरून घेतलेला, ज्यात मावशीचे दोन्ही हात वर दोरीला दिसतील, दुसरा त्याआधीचा, पट्टे चढवतानाचा. दोन्ही पाठवा. दुसऱ्यात माझा आवाज आहे. तो भाग कापू नका. या लेखाखाली दोन ओळी लिहा, मी संपर्क करते. व्हिडिओ पुसले गेले असतील तर तसं कळवा. मंगळवारी त्या कार्यालयाला आमचं म्हणणं पाठवायचं आहे. सोमवार, ३० तारखेच्या संध्याकाळपर्यंत तुमचं उत्तर हवं आहे.