गोळी गरम पडली

बिडी सोडायच्या गोळ्या यांना मीच घ्यायला लावल्या. हे आधीच सांगून टाकते, कारण नंतर सगळ्यांनी डॉक्टरांना नावं ठेवली आणि मी ती ठेवू दिली.

हे चिकलठाण्याच्या एका कारखान्यात लेथवर होते. दिवसाला दोन बंडलं लागायची. जिना चढताना छातीत घरघर व्हायची. मी खनपटीला बसून छातीच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी गोळ्या लिहून दिल्या: सकाळ-संध्याकाळ, जेवण झाल्यावर, पेलाभर पाण्यासोबत. मळमळेल, चित्रविचित्र स्वप्नं पडतील, म्हणाले. आणि मन उदास झालं, नको ते विचार आले, तर गोळी थांबवून त्याच दिवशी या, असंही बजावलं. बाहेर आल्यावर आम्ही दोघं हसलो. दुष्काळाचं दुसरं वर्ष, नळाला आठ दिवसांनी पाणी, गंगापूरकडं आमचा ऊस उभ्या उभ्या वाळलेला. उदास नसलेला माणूस दाखवा म्हणावं.

दहाव्या दिवशी बिडी सुटली. मी अख्ख्या बिल्डिंगला सांगून आले.

मळमळ मात्र सुरू झाली. शेजारच्या खाला म्हणाल्या, "गोळी गरम पडी उनकू. कुछ ठंडा देव." आमच्याकडे एकदा गरम पडली म्हटलं की पुढे कुणी काही विचारत नाही. मीही विचारलं नाही. सब्जा भिजवला, गुलकंद आणला, जिऱ्याचं ताक केलं. प्यायच्या पाण्याची मारामार असताना त्यांच्या कपाळावर ओल्या फडक्याच्या घड्या ठेवल्या. त्यांनी एकदा जेवणाचं ताट भिरकावलं. वीस वर्षांत कधी आवाज न चढवलेला माणूस, पण मी म्हटलं, उष्णता डोक्यात गेली.

मग ते गप्प झाले, आणि मला वाटलं उष्णता उतरली. बहिणीला फोनवर तसं सांगितलंसुद्धा. माझ्या या शहाणपणाची मला आजही चीड येते.

टँकर आला की पाइप धरायला हेच पुढे असायचे. आता खाली बायकांची भांडणं चालायची आणि हे भिंतीकडे तोंड करून पडलेले असायचे. मुलगी दहावी पास झाली, तर नुसतं बरं म्हणाले. चहा मागत नव्हते, भाजी अळणी झाली तर मीठ मागत नव्हते. एका दुपारी मी सब्जाचा पेला पुढे केला. त्यांनी तो हळूच बाजूला सारला.

"हे नको करू आता. मला जगावंसंच वाटंना गं."

मी पेला खाली ठेवला. कधीपासून, विचारलं, तर म्हणाले बिडी सुटल्यावर आठ दिवसांनी. मग सांगितलं का नाही?

"तू लई खुश व्हतीस."

तशीच रिक्षा करून डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी गोळी तिथल्या तिथं बंद केली, मनाच्या डॉक्टरांकडे चिठ्ठी दिली आणि काही दिवस यांना एकटं सोडू नका म्हणाले. असं सगळ्यांना होत नाही, बऱ्याच जणांची बिडी याच गोळीने सुटते, हेही सांगितलं. ते मला माहीत होतं. यांच्याच खात्यातला एक जण तीच गोळी घेऊन ठणठणीत होता. "पण मी सांगितलं होतं तुम्हाला," डॉक्टर म्हणाले. मी म्हटलं, आम्हाला वाटलं गरम पडली.

पुढचे दिवस मी न्हाणीच्या दारातही बसून काढले. आतून तांब्याचा आवाज थांबला की माझा जीव जायचा. मी हाक मारायची, ते हुं करायचे, आणि तेवढ्या हुंवर मी पुढचा तांब्या ऐकू येईपर्यंत तग धरायची. त्यांच्या चेहऱ्यावर काही म्हणजे काही उमटत नव्हतं. माणूस माझ्यादेखत चालला होता आणि धरायचं कुठे ते मला कळत नव्हतं.

तिसऱ्या आठवड्यात मी भाकरी थापत असताना ते पाहुण्यासारखे परके होऊन दारात उभे राहिले. मान खाली घालून म्हणाले, "एक बंडल आणती का?"

दोन महिन्यांत त्यांनी तोंडाने मागितलेली ही पहिली गोष्ट होती. डॉक्टरांनी काढलेला छातीचा फोटो मी पाहिलेला होता. बिडीने काय होणार ते मला पाठ होतं. मी तवा उतरवला, मुलीला त्यांच्याजवळ बसवलं आणि पिठाच्या हातांनी टपरीवर गेले. तिथली माणसं बाजूला सरून बघायला लागली. मी दोन बंडलं मागितली.