‘रोज’ आणि ‘कामेदासान’

आमच्या गल्लीत माझ्या यजमानांना, तोकुजी कामेदांना, पाठीमागे ‘तापलेली घंटा’ म्हणतात. हात लावला की चटका, आणि वाजवली की अख्खं गाव जागं. मला हे नाव ठाऊक आहे हे शेजारणींना ठाऊक नाही. मी ते वहीत कधीच लिहून ठेवलंय.

घंटा म्हणतात त्यालाही कारण आहे. ह्यांचा जन्मच घंटा ओतणाऱ्याच्या घरातला. ताकाओकात घरोघरच्या देव्हाऱ्यांसाठी वाटीसारख्या घंटा घडतात, आणि माझे सासरे त्या कानशीनं घासून सुरात आणायचे. हे दहा वर्षांचे असताना तीन घरांपलीकडून ओरडायचे, “बाबा, ती फुटकी आहे!” आणि ती फुटकीच निघायची. सासरे म्हणायचे, “कार्ट्याला बुद्धानं कान दिले, जिभेवर मात्र कानस फिरवायची राहिली.”

पुढे हे जिल्ह्याच्या रेडिओ केंद्रात लागले. ध्वनिमुद्रणाच्या खोलीतले मोठे करडे स्पीकर सांभाळायचं काम. माणूसभर उंचीच्या त्या पेट्या, आणि त्यांतून जे ऐकू येईल ते खरं, अशी त्या खोलीची शिस्त. निवेदक शिंकला तरी त्याला सर्दी आहे की मिरपूड गेली, हे ह्यांना पेटीतून कळायचं. निवृत्त झाले आणि घरामागच्या पडवीत असल्याच जुन्या पेट्या दुरुस्त करू लागले. लांबलांबून येतात. कागदी शंकूभोवतीची स्पंजाची कड वीस वर्षांत कुजते, बोट लावलं की भाकरीच्या चुऱ्यासारखी खाली पडते. हे तिथे हरणाचं पातळ कातडं लावतात. जोडीतला एकच स्पीकर बिघडला असला तरी दोन्ही घेऊन या म्हणतात. दोन्ही कडा एकाच कातड्याच्या हव्यात, आणि त्याही पाठीच्या कण्याच्या डावी-उजवीकडच्या, म्हणजे ताण सारखा. एकदा एक गिऱ्हाईक एकच पेटी घेऊन आलं, तर ह्यांनी विचारलं, “डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाताना दुसरा डोळा घरी ठेवता का?”

तर यंदा केंद्र नव्या इमारतीत गेलं आणि जुनी जोडी मोडीत निघाली. ह्यांनी ज्या जोडीपुढे आयुष्य काढलं, तीच. ती घेतली मुराईबाईंनी. स्टेशनमागे त्यांचं कॉफीचं दुकान आहे. यजमान गेल्यापासून एकट्याच चालवतात. दिवसभर जुन्या तबकड्या लावतात, आणि दुकानात कोणी मोठ्यानं बोललं तर कॉफी गार झाली तरी बदलून देत नाहीत. आमचे हे चाळीस वर्षं तिथे जातात. एकमेकांना टोचून बोलल्याशिवाय दोघांनाही कॉफी गोड लागत नाही.

उन्हाळाभर हे त्या जोडीवर वाकलेले. मागची फळी उघडली तेव्हा मीच विजेरी धरली होती. आत ह्यांच्याच अक्षरात पेन्सिलीनं लिहिलेलं: ‘शोवा ३८, जून. उंच सूर साडेतीन. कामेदा.’ बारीक, उंच आवाज कमी-जास्त करायचं एक बटण असतं, शून्यापासून दहापर्यंत. त्याची ती नोंद, चाळीस वर्षांपूर्वीची, आधीच्या सम्राटाच्या शोवा काळातली.

“बघा, तुम्हीच लिहून ठेवलंय,” मी म्हटलं.

“तेव्हा पोरगा होतो. काय कळत होतं?” म्हणाले आणि बटण आठावर नेलं.

मी काही बोलले नाही. ते का, ते पुढे येईल.

पितरांच्या आठवड्यात, चार दिवसांपूर्वी, मी ओहागी केले. चिकट भाताचे गोळे अझुकी नावाच्या लाल कडधान्याच्या पुरणात घोळवून आधी देव्हाऱ्यात ठेवले, नाम घेतलं, आणि मग त्यातले सहा एका डब्यात घालून मुराईबाईंना द्यायला ह्यांच्याबरोबर निघाले. जोडी आदल्या दिवशीच दुकानात बसवली होती. तिघं-चौघं गिऱ्हाइकं होती.

मुराईबाईंनी डबा घेतला, मला नमस्कार केला आणि ह्यांच्याकडे वळल्या. “कामेदासान, खालचा आवाज थेट पोटात जातो. तुमच्या हरणाला पुण्य लागो. पण वर जरा टोचतंय.”

“काय टोचतंय?”

“झांजा. दातांत वाळू यावी तशा.”

“मग कवळी बदला.”

गिऱ्हाइकांनी माना कपात घातल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण मुराईबाई हटल्या नाहीत. “कवळी गेल्याच वर्षी बदलली. तुम्ही बटण बदला.”

“तीस वर्षं ह्या जोडीपुढे बसलोय मी! तुम्ही काय केलंत तीस वर्षं? कपबशा विसळल्यात!”

“विसळताना कानांत बोळे नव्हते घातले मी.”

त्यांनी बटणाकडे हात नेला तसे हे मध्ये आडवे उभे राहिले. सदुसष्ट वर्षांचा माणूस, शाळेतल्या पोरासारखा हात पसरून! “तानिगुची डॉक्टरांकडे ह्याच जातीची जोडी आहे. सात वर्षांपूर्वी मीच लावून दिली. आठावर! दर वसंतात जाऊन तपासतो, आठावरच असते. माणूस मान डोलावून ऐकतो. चला आत्ता. तिथे टोचलं तर आयुष्यात पुन्हा पान्याला हात लावणार नाही. नाही टोचलं तर ही जोडी मी परत नेणार, आणि ह्या दुकानाची पायरी चढणार नाही.”

“चला,” मुराईबाई म्हणाल्या. एप्रन सोडला, गिऱ्हाइकांना म्हणाल्या, “कपबशा आज तुम्ही विसळा,” आणि निघाल्या.

रस्त्यात मी ह्यांना म्हटलं, “अहो, आधी फोन तरी करू या.” आमच्याकडे न सांगता कोणी कोणाच्या दारात जात नाही.

“फोन कशाला? मी कधीही जाईन तिथे!”

तानिगुची हे आमच्या भागातले दातांचे डॉक्टर. जेवणाची सुट्टी होती. तोंडात नूडल्सचा घास तसाच घेऊन दार उघडायला आले. ह्यांना पाहिलं आणि चेहरा असा झाला की मला वाटलं घास अडकला.

“कामेदासान? आज? फोन… थांबा हं, मी वरची खोली जरा आवरतो.”

“आवरू नका. ऐकायला आलोय, झाडायला नाही.” हे जोडे काढून जिन्याकडे गेलेसुद्धा. डॉक्टर मागोमाग धावले. त्यांच्या मागे मुराईबाई, मग मी.

वर जोडी होती. बटण साडेतीनावर होतं. बटणाच्या कडेला पांढऱ्या चिकटपट्टीचे दोन बारीक तुकडे, सुबक अक्षरात लिहिलेले. साडेतीनाशी ‘रोज’. आठाशी ‘कामेदासान’.

हे वाकून वाचत होते. चष्मा काढला, पुसला, परत वाचलं.

डॉक्टर कमरेत वाकले ते वाकलेलेच. “माफ करा. तुम्ही इतक्या मेहनतीनं करता… सांगायचं कसं…”

“तुम्ही एकटेच?”

डॉक्टर आणखी खाली वाकले.

“मी विचारतोय, एकटेच?”

“नाही. म्हणजे… तुमचा फोन आला की आम्ही सगळी तुमची गिऱ्हाइकं एकमेकांना कळवतो. तुम्ही कुणाकडे निघालात ते.”

सात वर्षं हे दर वसंतात डोक्यावर टोपी घालून, हत्यारांची पेटी घेऊन घरोघर फिरत होते, आणि त्यांच्या पुढे पुढे फोन धावत होता. सगळी बटणं आठावर. सगळ्या माना डोलताहेत. ह्यांनी वळायची खोटी, बटणं परत खाली.

मला वाटलं हे ओरडतील. ते ओरडले नाहीत, त्याचीच मला भीती वाटली. अगदी हळू म्हणाले, “डॉक्टर, दात किडलेला दिसला तर रोग्याला सांगता? की मान डोलावता?”

मुराईबाई पुढे झाल्या, दोन्ही चिकटपट्ट्या नखानं खरवडून काढल्या, त्यांची गोळी केली आणि डॉक्टरांच्या हातात दिली. “लाज वाटायला हवी,” म्हणाल्या. वयाला, हुद्द्याला न जुमानता. आमच्याकडे डॉक्टरांशी कोणी असं बोलत नाही. मला फार बरं वाटलं. पण ते जरा वेळच.

कारण पुढचा नंबर माझा होता.

घरी आलो. दारातल्या जोड्यांच्या कपाटावर माझी घुंगुरकिड्यांची पेटी असते. काकडीच्या फोडी घालते. तिथे सावली असते, म्हणून दिवसाही पंख घासून किणकिण करतात. हे त्या पेटीसमोर थांबले.

“किडे गप्प आहेत म्हणालीस.”

“हो.”

“यंदा. गेल्या साली. त्याच्या आधी.”

तीन वर्षांपूर्वी ह्यांनी विचारलं होतं, “यंदा हे मुके कसे?” पेटी तेव्हा इतकी वाजत होती की शेजारीण भिंतीपलीकडून कौतुक करायची. मी म्हटलं होतं, गार पडलेत. ह्यांना वाईट वाटेल म्हणून नव्हे. ह्यांनी आरडाओरडा केला असता, कानाच्या डॉक्टरला शिव्या दिल्या असत्या, ते सगळं मला ऐकावं लागलं असतं, म्हणून. वहीत खोटं लिहीत नाही. सकाळी देव्हाऱ्यासमोर नाम घ्यायचं आणि मागे फिरून नवऱ्याशी खोटं बोलायचं, हे तीन वर्षं केलं. आठावर जाणारं बटण पाहून विजेरी धरून गप्प राहिले, तेही ह्याचसाठी. डॉक्टरांवर कसली भडकते? माझी चिकटपट्टी तर घरातच होती.

“खोटं बोलले,” मी म्हटलं.

ह्यांनी पेटी उचलून कानाला लावली. एका, मग दुसऱ्या. आतले किडे ह्यांच्या गालाशी किंचाळत होते. हे भिंतीकडे बघत राहिले.

मग ओरडले. सात वर्षांचं सगळं एकदम. मी जोड्यांच्या कपाटाशी उभी राहून सगळं ऐकून घेतलं. “देव्हाऱ्यातली घंटा ऐकू येते मला!” हे पुन्हा पुन्हा म्हणत होते. “रोज येते! मग मला कसं कळणार? कसं?” ते खरंच आहे. घंटेचा सूर खालचा. तोच राहिला होता, म्हणून ह्यांना वाटलं सगळेच राहिले.

तीन दिवस पडवीला कुलूप. ओहागी वाळून गेले. माझ्याशी एक शब्द नाही. आज सकाळी मी घंटा वाजवून नाम घेत होते, तर मागून आवाज आला, “आटप. विजेरी घे.”

दुकानात शिरून ह्यांनी मुराईबाईंना नमस्कार केला नाही. सरळ जोडीपुढे खुर्ची ओढली, बसले. “पान्याला हात लावणार नाही म्हणालो होतो. नाही लावत. तुम्ही फिरवा.”

“मी?”

“मग कोण, हरीण? फिरवा. टोचायचं थांबलं की सांगा.”

मुराईबाईंनी ओले हात एप्रनला पुसले, तबकडी लावली, बटणाशी वाकल्या. हळूहळू खाली आणत गेल्या. ह्यांना त्यातलं काही कळत नव्हतं. नजर झांजांवर असावी तशी पेटीवर रोखलेली, जबडा आवळलेला.

“इथे,” मुराईबाई म्हणाल्या.

“किती?”

“चार.”

“चार का? केंद्रात साडेतीन होतं. माझं लिहिलेलं आहे.”

“तिथे माणसं नव्हती, कामेदासान. इथे कोट घालून दहाजण बसतात. कोट आवाज खातो.”

ह्यांनी दुकानातल्या खुर्च्या मोजल्या. मग म्हणाले, “बरोबर आहे,” आणि ते शिवी दिल्यासारखं म्हणाले. मुराईबाईंकडूनच मागची फळी उघडवून घेतली. मी विजेरी धरली. शोवातल्या त्या ओळीखाली ह्यांनी पेन्सिलीनं, आताच्या सम्राटाचं साल घालून, लिहिलं: ‘हेइसेइ १५, सप्टेंबर. उंच सूर चार. कान मुराई.’

कॉफी न पिताच निघाले. रस्त्यात तानिगुची डॉक्टर समोरून आले, वाकले. ह्यांनी टोपीलासुद्धा हात लावला नाही.

घरी दारात, किड्यांच्या पेटीपाशी थांबून जोडे काढताना माझ्याकडे न बघता म्हणाले, “ओरडताहेत?”

“हो.”

“किती?”

“तीन.”

“खोटं बोललीस तर बघ.”

मी पेटीशी वाकले आणि परत एकदा नीट ऐकलं. “तीन,” म्हटलं. “चौथा मधूनमधून.”