धसकाबाईंची सापशिडी

खडूचा तुकडा पडून मोडला तरी आमच्या भूगोलाच्या बाई छातीवर हात ठेवायच्या. शाळेची घंटा दोन मिनिटं उशिरा झाली की शिपायाला काही झालं तर नाही ना, म्हणून व्हरांड्यात डोकवायच्या. एखादी मुलगी गैरहजर असली की तिच्या शेजारणीला तीनतीनदा विचारायच्या, "काल तर चांगली होती ना?" त्यामुळे अकोल्याच्या आमच्या मुलींच्या शाळेत त्यांचं नाव पडलं धसकाबाई. त्यांना ते ठाऊक होतं. एकदा फळ्यावर कुणीतरी लिहून ठेवलेलं त्यांनी स्वतःच पुसलं आणि म्हणाल्या, "अक्षर बरं आहे. नकाशाच्या वहीतही असंच काढा."

बाई मूळच्या अमरावतीच्या. गावाबाहेर त्यांच्या भावांचा मळा होता, वांगी, मेथी आणि शेवंतीचा. त्या घराण्यात शिकून मास्तरीण झालेल्या त्या पहिल्याच. दर शनिवारी त्या बडनेऱ्यावरून घरी जात आणि गाडीच्या दीड तास आधी स्टेशनवर जाऊन बसत. कुणी हसलं की म्हणत, "गाडी आपल्यासाठी थांबत नाई. आपल्याले तिच्यासाठी थांबता येते." वर्गात त्यांची भाषा पुस्तकी असे. मायेत आल्या किंवा घाबरल्या की वऱ्हाडी सुरू व्हायची. त्यामुळे वऱ्हाडीच जास्त ऐकू यायची.

मी मॅट्रिकच्या वर्गात होते त्या वर्षी शाळेला सापशिडीचं वेड लागलं होतं. मधल्या सुट्टीत बाकाबाकांवर पुठ्ठे पसरलेले असायचे. तास सुरू झाल्यावरही बाकाखाली फासा पडायचा. बाईंनी जप्त केलेल्या सापशिड्यांनी त्यांचं कपाट भरलं. स्नेहसंमेलन जवळ आलं आणि नाटकाची जबाबदारी त्या वर्षी बाईंवर पडली. दोन दिवस त्यांचा चेहरा उतरलेला होता. तिसऱ्या दिवशी त्या कपाटातला एक पुठ्ठा घेऊन वर्गात आल्या आणि म्हणाल्या, "याचंच नाटक करू."

आम्ही हसलो. मी म्हटलं, "बाई, सापशिडीत गोष्ट कुठं असते?"

"काऊन नसते? बाई चढते, पडते, पुन्हा चढते. अजून काय पाह्यजे?"

सोंगटीच्या जागी खरी मुलगी उभी राहणार, शाळेच्या मैदानावर चुन्याने शंभर घरं आखायची, सापांच्या आणि शिड्यांच्या घरी छोटे प्रवेश बसवायचे, असं त्यांनी ठरवलं. मग साप कोणते? जुन्या पटांवर असत तसे काम-क्रोधासारखे दुर्गुण नकोत, म्हणाल्या. त्यांनी आम्हाला कागदाचे चिठोरे वाटले. "तुमाले कशाचं भेव वाटते ते लिहा. नाव टाकू नका. भ्यायची लाज नाई, मी रोजच भेते."

चिठ्ठ्यांत काय काय निघालं! गणितात नापास होणं, विषमज्वर, आईचं बाळंतपण आलं की घर सांभाळायला शाळा बुडणं. मी लिहिलं, "मामा स्थळ घेऊन येतील आणि परीक्षेआधीच शाळा सुटेल." मामा खरंच येऊन राहिले होते. खामगावचं एक स्थळ घरात चर्चेत होतं आणि मला कुणी एका शब्दाने विचारलं नव्हतं. बाईंनी ती चिठ्ठी वाचली आणि तो साप सत्त्याण्णवच्या घरात ठेवला. सोंगटी म्हणून मात्र त्यांनी मलाच निवडलं. तालमीभर मी हाच विचार करायचे. बाईंना कळलं असेल का? घरी कळलं तर?

मोठ्या बाई, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका, तालीम बघायला आल्या. "शेवट काय आहे याचा?" त्यांनी विचारलं.

"फासा पडेल तो."

"म्हणजे मुलगी शंभरावर पोचेलच असं नाही? अहो, पाहुणे यायचेत. फासा जरा आपल्या हातात ठेवा."

बाईंनी छातीवर हात ठेवला. त्या म्हणाल्या, "मग ती सापशिडी राहणार नाही, बाई. मुलींना लगेच कळेल."

संमेलनाच्या दिवशी मैदान भरलं. सतरंज्यांवर बायका, खुर्च्यांवर पाहुणे. पुढच्या रांगेत माझे वडील; ते शहरातले वकील आणि शाळेच्या कमिटीचे सभासद होते. विटेएवढा लाकडी फासा प्रेक्षकांतली एकेक बाई टाकत होती. मी भराभर चढले आणि सत्त्याण्णवला आले. माझी मैत्रीण कुसुम काळी टोपी घालून मामा होऊन आली. "पोरगी सुरेख आहे. शाळा पुरे झाली आता!" मी एकोणिसाव्या घरात उतरले. लोक खदखदून हसले.

पुन्हा चढायला अर्धा तास गेला. पुन्हा सत्त्याण्णव. कुसुम पुन्हा आली, तेच वाक्य म्हणाली. या वेळी कुणी हसलं नाही. बायकांच्या बाजूने एक म्हातारी उठून ओरडली, "टाका वं फासा! चढू द्या तिले!" थोड्या वेळाने पाहुण्यांची जायची वेळ झाली आणि मोठ्या बाईंनी खूण केली. मी एकोणिसावरून पुन्हा चढत चौसष्टाव्या घरात आले होते. धसकाबाई चुन्याच्या रेघा तुडवत मधोमध आल्या. त्यांचा आवाज इतका कापत होता, की मागच्यांना ऐकू गेला नसेल. "वेळ संपला. मुलगी हरलेली नाही."

दुसऱ्या दिवशी कमिटीने बाईंना ऑफिसात बोलावलं. मी हजेरीपट द्यायला गेले आणि दाराशीच थबकले. आतून वडिलांचा आवाज येत होता.

"लग्नाला साप म्हणायचं मुलींच्या डोक्यात कुणी घातलं?"

"मी नाही घातलं. एका मुलीनं लिहून दिलं."

"कोणत्या?"

"नाव नव्हतं."

"पण अक्षर ओळखत असाल."

"ओळखते. पण सांगणार नाही."

"तुमची नेमणूक अजून कायम नाही, हे लक्षात आहे ना?"

"आहे. त्याचंच तर भेव वाटून राहिलं."

मी हजेरीपट उंबऱ्याशी ठेवला आणि पळाले. त्यानंतर दोन महिने मी वडिलांसमोर जेवायला बसत होते. रोज ठरवायची, आज सांगेन. रोज गप्प राहायची. परीक्षा संपेपर्यंत लग्नाचं थांबलं होतं, एवढंच. वर्षाअखेर बाईंना पुढची नेमणूक मिळाली नाही. त्यांनी मेळघाटात, धारणीला, शाळेत जागा मिळवली.

मी त्यांना पोचवायला स्टेशनवर गेले. त्या ट्रंकेवर बसून तिकीट जागेवर आहे का ते पुन्हापुन्हा बघत होत्या.

"बाई, ती चिठ्ठी माझी होती."

"मले ठाऊक हाय ना."

"मग सांगितलं का नाहीत? तुमची नोकरी..."

"सांगितलं असतं तर तू पुन्हा कधी खरं लिहिलं नसतं." मग माझा हात घट्ट धरून म्हणाल्या, "मले लय भेव वाटून राहिलं व. तिथं मोटार घाटातून जाते म्हणतात."

त्या संध्याकाळी मी वडिलांसमोर उभी राहिले. "बाबा, ती चिठ्ठी मी लिहिली होती." त्यांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं.

"मला सांगायचंस."

"तुम्ही मामांना विचारलंत. मला नाही."

ते उठून अंगणात गेले. दोन दिवसांनी त्यांनी गावी परतलेल्या मामांना कार्ड टाकलं, खामगावच्या स्थळाला नकार कळवा म्हणून. जूनमध्ये मी अमरावतीच्या कॉलेजात गेले. बाईंच्या बाबतीत झालं ते मात्र त्यांनीही परत फिरवलं नाही आणि मीही फिरवू शकले नाही.

दिवाळीत घरी आले तेव्हा धारणीहून आलेलं बाईंचं पत्र माझी वाट बघत होतं. "रस्ता वाईट आहे. बस दोनदा बंद पडली. वाघ आहेत म्हणतात, मी खिडकी लावून झोपते. शाळेत मुली सात आहेत. आठव्या मुलीच्या घरी काल नदी उतरून गेले होते. तिचा बाप नाही म्हणाला. उद्या पुन्हा जाणार आहे."

मी ते वडिलांच्या हातात दिलं. त्यांनी दोनदा वाचलं, नीट घडी घातली आणि आपल्या कोटाच्या खिशात ठेवलं. ते पत्र मला त्यांनी कधीच परत दिलं नाही.