कॉलेजातली तोंडबंदी

सोमवारी सकाळी बरोबर पावणेआठ वाजता सांगलीच्या कॉलेजात ती नोटीस लागली, आणि तेव्हापासून माझ्या घरात किश्श्यांची अशी रास पडायला लागली की झाडून सरेना! पोरं जेवायला येतात नि एकेक किस्सा ताटाशी सांडून जातात. ऐकताना हसू येतं. भांडी घासताना मात्र डोकं तापतं.

आमचे मालक इंग्रजांच्या पलटणीत, लढाईवर गेलेले. मी तान्ह्या सुमीला घेऊन इस्लामपुराकडचं गाव सोडलं आणि धाकट्या दिरासाठी, म्हणजे शिवाभावजींसाठी, इथं दोन खोल्यांत चूल मांडली. जाताना मालक एवढंच म्हणाले होते, "शिवा बीए झालेला बगायचा हाय मला. तुज्यावर सोपवलाय."

आणि ही नोटीस! मुलांनी राजकारणावर बोलू नये. भाषण आधी वसतिगृहाच्या रेक्टरांना दाखवावं. पाचांपेक्षा जास्त मुलं जमली तर ती सभा समजली जाईल. नियम मोडील त्याला टर्म मिळणार नाही. टर्म नाही म्हणजे परीक्षा नाही, वर्ष बुडालं.

मालकांचं पत्र येतं तेही अर्धं काळी शाई फासून. ते मी समजू शकते. तिथं गोळ्या उडतात. कॉलेजात काय उडतं? खडू!

*

पहिला दणका वादविवादाला बसला. कुठं कुणी राजकारण बोलू नये म्हणून रेक्टरांनी स्वतःच विषय दिला, "दूध चांगलं की ताक?"

दुधाच्या बाजूनं केशव उठला. हा वाईच्या भटजींचा मुलगा. "वहिनी, वाईला कळू देऊ नका हं," म्हणत आमच्या चुलीवरची भाकरी खाणारा. तो म्हणाला, "गाय आमची, गोठा आमचा, वैरण आमची. धार मात्र भलताच काढतो!"

रेक्टरांनी ताडकन घंटा वाजवली. "राजकारण! खाली बसा!"

मग ताकाच्या बाजूनं भूपाल उठला. हा जैनाचा, कांदा-लसूण न खाणारा, गरीब गाय. रेक्टर म्हणाले, "तू फक्त ताकात काय असतं तेवढंच सांग."

भूपाल म्हणाला, "पानीच हाय साहेब. लोणी विलायतेला गेलं!"

*

केशवला घरचं कीर्तन पाठ. गॅदरिंगला आख्यान लावतो म्हणाला. देवाचं नाव आहे, त्याला कोण अडवणार? त्यानं ते लिहून रेक्टरांना दाखवलं. त्यांनी लाल पेन्सिल घेतली आणि जिथं जिथं रावण होता तिथं तिथं काट मारली. म्हणे, "लोक रावण ऐकतात आणि भलत्याचाच चेहरा डोळ्यांपुढं आणतात."

केशव म्हणाला, "मग सीता कुणी पळवली म्हणू, साहेब?"

रेक्टरांनी चष्मा काढला, पुसला, विचार केला.

"अज्ञात इसमानं, असं म्हण!"

*

एकदा दुपारी सहा पोरं जेवायला बसली होती. पिठलं वाढत होते तोच रेक्टर दारात. बाहेर राहणाऱ्या मुलांच्या खोल्याही तपासायच्या होत्या म्हणे! त्यांनी बोट फिरवून डोकी मोजली.

"सहा! ही सभा आहे. एकाला उठवा."

मला तोवर त्यांची भीती वाटायची. पण घास तोंडाशी गेलेल्या पोराला ताटावरनं उठवायचं? आमच्याकडं वैऱ्यालाही कुणी असं उठवत नाही. मी म्हटलं, "आवं साहेब, भाकरी काय भाषण करती व्हय? सभा न्हवं, पंगत हाय ही. तुमी बी बसा."

आणि सातवं ताट मांडलं. रेक्टर एकदा नोटीस आठवत होते, एकदा पिठल्याकडं बघत होते.

बसले! दोन भाकरी खाल्ल्या, वर मिरचीचा ठेचा मागून घेतला. हात धुताना म्हणाले, "बाई, मी इथं आलो होतो हे कुठं बोलू नका."

भूपाल हळूच म्हणाला, "आता ह्यास्नी बी बोलायची भीती!"

*

इथवर हसलो. मग शिवाभावजींची पाळी आली.

त्यांचं भाषण होतं "विद्यार्थ्याचे हक्क आणि कर्तव्ये". रेक्टरांनी हक्क सगळे छाटले, कर्तव्यं ठेवली. भावजी स्टेजवर गेले आणि म्हणाले, "माझ्या भाषणाचा अर्धा भाग रेक्टरसाहेबांकडं आहे. आधी त्यांनी तो वाचावा, मग मी माझा वाचतो."

एवढंच बोलले! शिवी नाही, घोषणा नाही. पोरांनी छप्पर डोक्यावर घेतलं, आणि दुसऱ्या दिवशी फर्मान सुटलं. पालकानं समक्ष येऊन हमी द्यावी की हा मुलगा यापुढं तोंड उघडणार नाही. नाहीतर टर्म नाही.

भावजी म्हणाले, "वैनी, हमी दिऊ नगा. मी गावाकडं जाऊन नांगर धरतो."

मी म्हटलं, "आन तुमच्या दादास्नी मी काय सांगू?"

*

सासरे हयात नाहीत, मालक लढाईवर. पालक म्हणून मीच गेले, सुमीला काखोटीला मारून, डोईवरचा पदर सारखा करत. आत प्रिन्सिपॉलसाहेब, रेक्टर, कारकून. भावजी भिंतीशी उभे. टेबलावर टर्मचा कागद आणि शेजारी हमीचा.

सुमी किरकिरायला लागली. कारकून म्हणाला, "मुलीला गप्प करा."

मी म्हटलं, "ती अजून कालेजात न्हाई."

कारकुनानं टाक उचलला. "नवऱ्याचं नाव?"

आता ते कसं घेणार? मी खाली बघितलं. भावजी सांगायला पुढं झाले तसा कारकून खेकसला, "तू नाही! पालकानं स्वतःच्या तोंडानं सांगायचं. नियम आहे!"

प्रिन्सिपॉलसाहेब जरा मऊ आवाजात म्हणाले, "बोला बाई. इथं भिण्याचं कारण नाही. तुमच्यात घेतात तसं घ्या. अगदी मोकळेपणानं बोला."

"बोलू?"

"बोला, बोला!"

मी सुमीला दुसऱ्या कडेवर घेतलं आणि नाव घेतलं:

"गोळी झेलायला दौलतरावांची छाती चालते,
धाकट्या भावाची जीभ हलली, की साहेबांची खुर्ची का हालते?"

कारकुनाचा टाक तसाच वर राहिला. रेक्टर खिडकीबाहेर बघायला लागले.

"साहेब," कारकून पुटपुटला, "यातलं काय लिहू?"

प्रिन्सिपॉलसाहेबांनी टर्मचा कागद ओढला, सही केली आणि भावजींच्या हातात दिला. हमीचा कागद कोराच.

तुमच्या ओळखीत कुणा मायबहिणीला कॉलेजातनं असं बोलावणं आलं, तर तिला माझा एवढा निरोप पोचवा: नवऱ्याचं नाव साधं सांगू नको!