आषाढात आटलेला झरा

गोदाचं माहेर सड्यावरचं. सडा म्हणजे डोंगराच्या माथ्यावरचा उघडा काळा कातळ. पावसाळ्यात तिथं घोटाभर पाणी साचतं आणि शिमगा सरला की हंडाभर पाण्यासाठी बायका अर्धा कोस दरी उतरतात. म्हणून तिवरखोलच्या रावजीचं स्थळ सांगून आलं तेव्हा मुलगा काय करतो हे तिच्या आईनं नंतर विचारलं. आधी विचारलं, "पाणी कुठं हाय?"

"दारात," मध्यस्थ म्हणाला.

ते खोटं नव्हतं. मी तेव्हा तालुक्यात देवी टोचायचं काम करी, आणि वर्षातून एकदा त्या वाडीत जात असे. देवरूखच्या पूर्वेला चालत निघालं की सह्याद्रीचा कडा अंगावर आल्यासारखा वाटू लागतो. त्या कड्याच्या पायथ्याशी, उतारावर, एकाखाली एक अशी अकरा घरं होती. वाडीच्या वर जंगलात बारमाही झरा होता आणि पोफळीच्या पन्हळीतून त्याचं पाणी थेट घराघराच्या पडवीपाशी पडत होतं. सपाट जमीन काय ती खाली ओढ्याकाठी. तिच्यात भात. गोदाचा सासरा महिपत मला एकदा म्हणाला होता, "सपाटीवर घर बांदला तर खायचा काय? आणि सड्यावर बांदला तर प्यायचा काय? आमच्या आज्यानं जागा हेरून घेतलीय."

मला ते पटलं होतं. खोटं कशाला सांगू, अशी शहाणपणाची जागा मी तालुक्यात दुसरी पाहिली नव्हती.

गोदा पन्हळीखाली हंडा ठेवायची आणि तो भरून वाहू लागला तरी बघत उभी राहायची. सासू नव्हती. रावजी मुंबईला गिरणीत. शिमग्याला आणि गणपतीला यायचा. लग्नाला नऊ वर्षं झाली तरी मूल नव्हतं. शेजारच्या तुळसाला मात्र मुलगी झाली, मैना. बारशाला गोदाला पाळण्याजवळ येऊ दिलं नाही. तिनं ते कुणाला बोलून दाखवलं नाही, पण ते तिला लागलं होतं हे मला पुढं कळलं.

साल १९३१. त्या वर्षी फेब्रुवारीत खानेसुमारीची घरमोजणी झाली, दारांवर गेरूनं आकडे पडले. जूनपासून पाऊस लागला तो उघडेचना. आषाढात सात दिवस असा कोसळला की समोरची डोंगराची सोंड दिसेनाशी झाली. तरी लावणी थांबवून चालत नाही. सगळी वाडी इरली घेऊन खाली भातात उतरली होती. घरांत दोन म्हाताऱ्या आणि तापानं निजलेला एक गडी, एवढेच होते. गोदा भाकऱ्या भाजायला मागं थांबली होती.

तव्यावर तिसरी भाकरी टाकली आणि तिला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. ती पडवीत आली. छपरावर पाऊस वाजत होता, पन्हळीचा आवाज येत नव्हता. तिनं पन्हळीखाली हात धरला. पावसाचे थेंब तेवढे पडले.

पाला अडकला असेल म्हणून ती वर चढली. झऱ्याच्या डबक्यात पाणी नव्हतं. आभाळ फाटल्यासारखं कोसळत होतं आणि डबक्याच्या तळाला नुसता चिखल चकाकत होता. खेकडे रांगेनं बाहेर पडत होते. तिनं वर पाहिलं. झाडीतून आडवी एक भेग गेली होती, हात आत जाईल एवढी रुंद, आणि उतारावरून येणारं सगळं पाणी तिच्यात उतरत होतं. बाहेर मात्र कुठंच येत नव्हतं.

ती मला पुढं म्हणाली, "आमी पाण्यावाचून वाडलेली माणसं. पाणी जातं कुठं ते आमी बघतो. एवढा पाणी डोंगराच्या पोटात गेला आन बाहेर काय नाय, म्हंजी काय?"

ती धावत खाली आली. घराघरातून ओरडली. म्हाताऱ्या उठल्या नाहीत. ती भातात पोचली तेव्हा महिपत गुडघाभर चिखलात नांगर धरून उभा होता.

"मामंजी, झरा आटला. वर डोंगर फुटलाय. सगळ्यांना घेऊन ओढ्याच्या साकवापलीकडं चला."

महिपतनं बैलांना थांबवलंसुद्धा नाही. "आषाढात झरा आटतो काय गो? पन्हळ तुंबली असंल. भाकऱ्या कुठं हायत?"

"माझ्या डोळ्यांनी बघितला!"

बायका हसल्या. एक गडी म्हणाला, "रावजीला पत्र टाका, बायकोचं डोकं फिरलं." गोदा हात जोडून एकेकाकडं गेली. कुणी रोपांची मूठ खाली ठेवली नाही. सुनेनं येऊन तीस माणसांची लावणी मोडावी आणि तीही झरा आटला म्हणून, असल्या पावसात! मी तिथं असतो तर मीही हसलो असतो.

बांधावर किंजळीच्या फांदीला झोळी टांगली होती. झोळीत मैना निजली होती. गोदानं झोळीतून पोर उचललं आणि पळत सुटली.

तुळसा अशी किंचाळली की सगळ्यांच्या माना वर झाल्या. "माझी पोर नेली! वांझोटीनं माझी पोर नेली!" एका क्षणात रोपं टाकून अख्खा मळा गोदाच्या मागं लागला. गडी शिव्या देत होते, कुणी कोयता उपसला होता. ओढ्याला पूर आलेला, साकव म्हणजे दोन माडांची खोडं, वरून पाणी चाललेलं. गोदा त्यावरून पोर छातीशी धरून पलीकडं गेली. तिच्यामागं तुळसा, आणि तिच्यामागं बाकीचे. पलीकडच्या सोंडेवर, बऱ्याच उंचीवर, गोदाचा दम संपला आणि ती खाली बसली. तुळसानं पोर हिसकावून घेतलं आणि गोदाच्या तोंडात मारली. एकदा, मग परत. तिसऱ्यांदा हात उचलला तो तसाच राहिला.

आवाज आधी पायांतून आला. मग सगळ्यांनी वळून पाहिलं. समोरची झाडं उभ्याउभ्या खाली सरकत होती. मोडत नव्हती, आडवी होत नव्हती. उभीच चालत येत होती. मग वरचं घर गेलं, मग खालचं. घर गेलं असं वाटायच्या आत त्याखालचं जाई. लाल चिखलाचा लोंढा भातापर्यंत आला, ओढ्यात उतरला आणि साकव कुठं गेला ते कुणाला कळलंच नाही. भर दुपारची वेळ होती. सगळ्यांनी सगळं पाहिलं.  तुळसाचा उचललेला हात किती वेळ वरच होता, हे मला तिथं असलेल्या तिघांनी वेगवेगळ्या वेळी सांगितलं.

सहा माणसं गेली. दोन म्हाताऱ्या, तापाचा गडी, बैल सोडवायला मागं फिरलेले दोघं भाऊ, आणि महिपत. तो नांगर सोडून निघालाच नव्हता.

रावजीला पत्र बारा दिवसांनी मिळालं. पावसाळ्यात बोटी बंद, म्हणून तो रेल्वेनं कोल्हापूरला आणि तिथून आंबा घाट उतरून आला. वाडी होती तिथं पोचला तेव्हा तो प्रवासाबद्दलच बोलत राहिला. "मिरजेपाशी गाडीच्या खिडकीतून धूळ येत हुती," तो पुन्हापुन्हा सांगे. "माणसं आभाळाकडं बघत बसलेली. देवाला नारळ फोडत हुती पावसासाठी. एकच डोंगर ना हो मधी? त्या अंगाला पेरायला थेंब नाय आन ह्या अंगाला..." मग एकदम त्यानं गोदाकडं बघितलं. "बाबांना का नाय ओढून आणलास?"

"आणता आला नाय," गोदा म्हणाली. "हातात पोर हुता."

 रावजी गणपतीनंतर मुंबईला परत गेला.

मी कार्तिकात नेहमीप्रमाणे पेटी घेऊन निघालो. मला कुणी सांगितलं नव्हतं. ओढ्याच्या वळणावर आलो आणि वाटलं, आपण वाट चुकलो. मागं गेलो, पुन्हा आलो. समोर नुसता लाल उतार. माझ्या वहीत त्या वाडीतल्या मुलांची नावं होती, ती हातात धरून मी तिथं उभा राहिलो. सरकारी कागदात तर ती अकरा घरं पुढची दहा वर्षं नांदत राहिली.

उरलेली माणसं नातेवाइकांच्या गोठ्यांत राहत होती. कुठं जायचं, हा प्रश्न होता. काही मुंबईला गेली ती गेलीच. बाकीच्यांना गोदानं सड्यावर नेलं. दिवाळीनंतरही गवत हिरवं राहतं अशी एक जागा तिनं माहेरच्या अनुभवानं शोधली आणि तिथं विहिरीसाठी जांभा दगड खणायला लावला. दोन उन्हाळे खणलं. निघालेल्या चिऱ्यांची घरं झाली, पाच. विहिरीला पाणी लागलं, पण माघापर्यंतच. पुढचे चार महिने बायका दरी उतरत. गोदाला पाहून कुणी कुरकुर केली नाही, पण तुळसा तिच्याशी फार क्वचित बोले. एकदा मी मैनाला देवी टोचत असताना तुळसा माझ्याकडं न बघता म्हणाली, "मी मारली तिला. सगळ्यांदेखत मारली." एवढंच, आणि निघून गेली.

१९३८ साली दरडीच्या पायथ्याशी खाली कुठूनतरी पाणी फुटलं. वरून आलेली माती सुपीक, नाचणी छातीभर वाढली. दुसऱ्या गावचं एक कुटुंब तिथं आलं आणि त्यांनी घर बांधायला काढलं. गोदाला कळलं तशी ती सडा उतरून गेली. मी योगायोगानं त्याच वाटेवर होतो, म्हणून तिच्याबरोबर गेलो.

तिनं त्यांना सगळं सांगितलं. कुठं कुणाचं घर होतं, कुठं महिपत उभा होता. घरधन्यानं शांतपणे ऐकून घेतलं. तो चांगला माणूस होता. त्यानं गूळ-पाणी आणायला सांगितलं.

"बाय, खाली पाणी हाय, वर माती हाय," तो म्हणाला. "दुसरीकडं दोन्ही एका जागी कुठं हाय, ते सांग. मी उद्या जातो."

 गोदा तिथंच मातीत बसली. मलाही जागा सुचेना. सगळा तालुका मी पायी फिरलो होतो, तरीही.

 पुढच्या वर्षी मी गेलो तेव्हा त्या दरडीपाशी तीन घरं झाली होती.