डबीतलं धुकं मी पुसलं

मागच्या पोस्टमध्ये माझी एक चूक झाली. हळ्ळीखेडहून घेतलेल्या जपानी लाखेच्या काळ्या डबीबद्दल मी लिहिलं होतं, "आत जुनी धूळ होती, पुसून काढली." ती धूळ नव्हती. आपली चूक आपणच आधी सांगायची, हे माझ्या वडिलांनी, अप्पांनी, मला घरी अक्षरांच्याही आधी शिकवलंय.

आज डबीचा इतिहास विचारायला त्याच घरी गेले. डबी मला तिथल्या सुनेनं विकली होती. या वेळी तिच्या सासूबाई, अव्वा, घरी होत्या. फोनवरचा फोटो बघून म्हणाल्या, "ही तर माझी इभूतीची डब्बी. हैदराबादहून आणलती यांनी."

सून हळूच म्हणाली, "अव्वा, तुमी लेकीकडं गेलता. जुनी म्हणून दिली."

"मीबी जुनीच हाय की. मला कामून ठिवलीस?"

दोघी हसल्या. मला हसू आलं नाही. पूजेच्या कोनाड्यात विभूती लोणच्याच्या बरणीच्या झाकणात ठेवलेली होती.

"डब्बीतल्या बगळ्यांवर इभूत बसली की धुक्यातनं उडायलेत वाटायचं," अव्वा म्हणाल्या. "पूजा झाली तरी मी बघत बसायची." डबी परत मागितली मात्र नाही.

आल्यापासून मी डबी उघडून बसलेय. आत नखाएवढे दोन सोनेरी बगळे आहेत. आभाळ लख्ख काळं आहे, आणि ते आता कुठंच निघालेले वाटत नाहीत.

माझ्या संग्रहात याहून सुंदर काही नाही. तुम्ही परत दिली असती का? माझं ठरलंय. येत्या सोमवारी सकाळी, अव्वांच्या पूजेआधी, मी हळ्ळीखेडला पोचणार आहे.