त्याने न निवडलेला पिक्चर

गिऱ्हाईक दुकानात आलं की तो आधी त्याच्या तोंडाकडे बघायचा. मग विचारायचा, "आज दिस कसा गेला?" त्या उत्तरावर पिक्चर ठरायचा.

जव्हारच्या स्टँडजवळ त्याचं मोबाइलचं दुकान होतं. पाड्यांवर रेंज नसते, म्हणून बाजाराला आलेली माणसं त्याच्याकडून मेमरी कार्डात नवे पिक्चर भरून न्यायची. "मी बघितल्याबिगर देत नाय," तो अभिमानाने सांगे. वीटभट्टीवरून परतलेल्यांना मारामारीचा, भांडून आलेल्या जोडप्याला रहस्याचा, म्हणजे शेवटपर्यंत दोघं एकत्र बसतील. सूर्यमाळच्या एका बाईला विनोदी पिक्चर देताना त्याने त्यातलं धबधब्यातलं गाणं कापून टाकलं. "दिसभर हंडे वाहते ती. तिला पाण्याची नासाडी कशाला दाखवू?"

मी बदलीवर आलो तेव्हा एकटाच राहायचो. मला त्याने भुताचा दिला. "गुरुजी, घरात कोणीतरी हाय असा वाटंल."

तो वांगणीकडचा. तो लहान असताना एका वाईट वर्षी तिकडची पोरं भुकेने गेली, त्यांत त्याची धाकटी बहीण होती. बापाने तिला पाठीशी बांधून पायी जव्हारच्या दवाखान्यात आणलं, पण उशीर झाला होता. हे त्याने मला एकदाच सांगितलं. पुढे याच विषयावर पिक्चर काढायला मुंबईहून एक दिग्दर्शक आला, तेव्हा मीच दोघांची गाठ घालून दिली. हा चार दिवस दुकान बंद ठेवून त्याच्याबरोबर हिंडला. बापाची ती सगळी वाट त्याला दाखवली.

पिक्चरला बक्षिसं मिळाली. दिग्दर्शकाने फाइल मला पाठवली. सुरुवातीची दहा मिनिटं बघून मी ती शिक्षकांच्या ग्रुपवर टाकली: 'आपल्या मातीतला पिक्चर. अवश्य पाहा.' शाळेत खिडक्यांना चादरी बांधून भर दुपारी गावाला दाखवायचंही ठरवलं. त्या दिवशी त्याच्या म्हाताऱ्या बापाला पुढची खुर्ची दिली. लेक शेजारी बसला.

पडद्यावरचा बाप दारू पिऊन पडला होता. पोरगी कण्हत होती, त्याला जाग येत नव्हती. ती तशीच मेली.

म्हातारा लेकाकडे वळला. "मी कवा दारू प्यालो रं?"

"बाबा, मी असा नाय सांगितला."

"मग त्यांना कोणी सांगितला?"

मी वायर गुंडाळत बसलो.

दिग्दर्शकाला फोन केला. तो शांतपणे म्हणाला, "एवढं स्वातंत्र्य घ्यावं लागतं, सर. नाहीतर गोष्टीला धार येत नाही."

म्हातारा त्यानंतर लेकाशी बोलला नाही. दिवाळीच्या आधी गेला, तोही न बोलताच.

बापाचे दिवस झाल्यावर लेकाने दुकान दुसऱ्याला दिलं. आता तो वसईकडे कुठल्याशा बांधकामावर असतो म्हणतात. जाण्याआधी मात्र तो पाड्यापाड्यावर फिरला. पिक्चर तोवर या फोनातून त्या फोनात तिथवर पोचला होता. ज्याच्या फोनात तो पिक्चर होता, त्याच्याकडून फोन मागून घ्यायचा, पुसायचा, परत द्यायचा. लोकही मुकाट्याने देत.

सगळ्यांत शेवटी माझ्याकडे आला. खुर्चीवर बसला नाही. मी फोन पुढे केला. त्याने फाइल शोधली, पुसली.

"गुरुजी, तुमी अजून कोणाला धाडलेला का?"

ग्रुपवर पावणेदोनशे शिक्षक होते. त्यांनी पुढे किती जणांना पाठवला, देव जाणे.

"नाही रे," मी म्हणालो. "कुणालाच नाही."

त्याने मान हलवली. "बरा झाला," म्हणाला, आणि माझ्या पाया पडला.